बारा पितळी मेखा

पत्र सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. अक्षरं जाड आणि सुटी सुटी, आधी माप घेऊन मग एकेक बसवल्यासारखी.

‘निमगडे बाबू यास मुखरू खाती याचा नमस्कार. ठाण्यातले साहेब विचारतात का बंदुकीचे भोक काऊन बुजवले. मी सांगतो भोक दिसले म्हणून बुजवले. ते मानत नाही. तुम्ही तिथे खुर्चीवर बसून होते. पितळ तुम्ही दिले. इतके एका कागदावर लिहून सही करून पाठवा. दुसरे काही नको. दर सोमवारी हजेरीला जा लागते. सहा कोस आहे. उत्तर पाठवजा.’

मार्च १९८३ मधलं हे आंतरदेशीय पत्र. मी ते आठ-दहा वेळा वाचलं, घडीवर घडी घातली आणि कपाटातल्या जाड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर पाठवलं नाही.

त्या वेळी मी गडचिरोलीला एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. लोक मला लायब्ररीवाले बाबू म्हणत. आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता आणि नव्या जिल्ह्याचा पहिला प्रजासत्ताक दिन जवळ येत होता. परेडमध्ये आमच्या कॉलेजची एन.सी.सी.ची तुकडी पुढे राहणार, असं ठरलं. तुकडीजवळ बारा रायफली होत्या. एकेकाळी त्या खऱ्या होत्या, महायुद्धातल्या. नंतर सैन्यानं त्या मारून कवायतीसाठी दिल्या होत्या. मारून म्हणजे आतली टोकदार पिन काढलेली आणि जिथं काडतूस बसतं तिथं नळीला करंगळीएवढं भोक पाडलेलं, म्हणजे पुन्हा कधी कुणाला त्यातून गोळी झाडता येऊ नये. ओळख पटावी म्हणून दस्त्याभोवती पांढरा पट्टा.

त्यांची खोली लायब्ररीच्या मागं होती, म्हणून किल्ली माझ्याकडे असे. रायफलींची दशा वाईट होती. लाकडाला भेगा, गंजाचे पापुद्रे. ‘सलामी शस्त्र’ म्हटलं की पोरांच्या तळहातात काटे घुसत. काही जण हाताला रुमाल गुंडाळत.

“निमगडे, नवा जिल्हा हाय,” एन.सी.सी. पाहणारे श्रीहरी सर म्हणाले. “सगळे साहेब समोर बसतील. आपण काय चुलीतले लाकडं घेऊन जायचं का?”

शिपाई वारलू दारातच उभा होता. “आमच्या तिकडं एक खाती हाय, सर. आलापल्लीच्या पुढं. बंडीचं चाक असं करते का आवाज नाई.”

खाती म्हणजे आमच्याकडे लाकूड आणि लोखंड दोन्ही जाणणारा कारागीर. तिसऱ्या दिवशी मुखरू आला. पन्नाशीकडे झुकलेला, बुटका, कानावर पेन्सिल. त्यानं रायफल उचलली आणि आधी हुंगली.

“हे आपल्या रानातलं लाकूड नाई जी.”

“अक्रोडाचं आहे,” मी म्हणालो. मी ते वाचलं होतं.

“अक्रोड खाल्ला नाई कधी,” तो म्हणाला, “लाकूड पह्यले पाहून राह्यलो.”

लायब्ररीच्या मागच्या व्हरांड्यात त्यानं अठरा दिवस काम केलं. मी कामापुरता टेबलाशी बसे आणि उरलेला वेळ खुर्ची घेऊन व्हरांड्यात. आयुष्यात मी हातानं काही बनवलेलं नाही. खिळा ठोकायचा तरी मी शेजाऱ्याला हाक मारतो. त्यामुळे ते अठरा दिवस मला फार सुखाचे गेले.

लाकडाला खळगा पडला असेल तिथं तो ओलं फडकं ठेवी आणि वरून तापलेलं लोखंड टेकवी. वाफ निघे, आणि दबलेलं लाकूड हळूहळू वर येई.

“लाकूड विसरते का जी?” तो म्हणाला. “पाणी देलं का त्याले आठोते आपण कसे होतो ते.”

बारीक भेगांत त्यानं कुसुमाच्या झाडाची लाख वितळवून भरली. जिथं तुकडाच उडाला होता तिथं जुन्या बैलबंडीच्या सागाचं ठिगळ बसवलं. शेवटी कोमट जवसाचं तेल. ते तो तळहातानंच चोळी. मी त्याला एकदा मऊ कापड आणून दिलं, तर त्यानं घाम पुसून ते खांद्यावर टाकलं.

“फडक्याले गरम कळत नाई, बाबू.”

नवव्या दिवशी तो धातूच्या कामाकडे वळला. रॉकेल आणि विटेच्या भुकटीनं नळी घासता घासता तो थांबला.

“बाबू, हे पाहा. कोन्या गाढवानं नळीले भोक पाडलं.”

मी वाकून पाहिलं. भोक गोल, स्वच्छ. मुखरूनं दुसरी रायफल घेतली, तिसरी घेतली. “बाराही जनीले एकाच जागी. एकच रोग.”

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या भोकाविषयी मी वाचलं होतं. कवायतीच्या शस्त्रांवरचं एक पातळ इंग्रजी पुस्तक आमच्या लायब्ररीत होतं, त्यावर नंबर मीच चिकटवला होता. भोक असतं, ते असावंच लागतं, असं काहीसं मला आठवत होतं. पण नक्की हेच भोक की दुसरं? पुस्तक पन्नास पावलांवर, आतल्या कपाटात होतं. उठून पाहायचं होतं. नाहीतर श्रीहरी सरांना विचारायचं होतं. पण सर म्हणाले असते, ‘किल्ली तुमच्याकडे, अन् इतकंही माहीत नाई?’ आणि मुखरू त्या नळीकडे असा पाहत होता, जसा वैद्य नाडीकडे पाहतो. त्याच्यासारख्या माणसाला पुस्तकातली अर्धवट गोष्ट सांगायला मला लाज वाटली. शंका मनात आली की तोंड बंद करायचं, ही माझी जन्माची खोड.

नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी विचारलं, “बुजवता येईल?”

मुखरूनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, बाबूची तशी इच्छा आहे.

“काऊन नाई येत? पितळ पायजे. लोखंडात लोखंड नाई बसत. पितळ दबते, मंग बसते.”

स्टेजच्या जुन्या पडद्याची पितळी दांडी अडगळीत पडून होती. ती मीच आणून दिली. मुखरूनं तिच्या बारा मेखा केल्या. एकेक मेख भोकात ठोकली, आतून-बाहेरून कानस मारली, वर काळपट तेल चोळलं.

“नख लावा,” तो म्हणाला.

मी नख फिरवलं. ते कुठंच अडलं नाही. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या रायफलीवरही फिरवलं. वारलूनं दस्त्यांवर नवे पांढरे पट्टे ओढले आणि काम संपलं.

सव्वीस जानेवारीला बारा तळहात एकाच वेळी लाकडावर पडले आणि मैदानात एकच आवाज उठला. मुखरू मुद्दाम आलापल्लीच्या गाडीनं आला होता. दोरीच्या मागं वारलूजवळ उभा होता. त्यानं ना झेंड्याकडे पाहिलं ना साहेबांकडे.

“आवाज आयकला?” तो मला म्हणाला. “फुटका नाई.”

फेब्रुवारीत बाहेरून तपासणी आली. हवालदारानं पहिली रायफल उघडली, नळी उजेडाकडे धरली, डोळा लावला. मग दुसरी. मग सगळ्या ओळीनं टेबलावर ठेवायला लावल्या.

“इसका छेद कहाँ गया?” त्यानं विचारलं.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण त्या वर्षी सिरोंचाकडच्या जंगलातून बंदूकवाल्या लोकांच्या बातम्या येऊ लागल्या होत्या, रस्त्यावर जागोजागी पोलिसांचे तंबू लागले होते. मारलेल्या बारा रायफलींची भोकं बुजवली गेली होती, आणि बुजवणारा माणूस आलापल्लीच्या पुढच्या जंगलातला होता. पिन नसताना त्यातून गोळी सुटणार नव्हती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरी कागदावर ते भयंकर दिसत होतं.

चौकशीला आलेल्या साहेबानं मला शांतपणे विचारलं, “हे काम तुमच्यासमोर झालं का?”

“मी लायब्ररीत असतो,” मी म्हणालो.

शब्दाशब्दाला खरं होतं ते. व्हरांडाही लायब्ररीचाच होता. साहेबानं लिहून घेतलं आणि पान उलटलं. श्रीहरी सर खिडकीबाहेर पाहत होते. बाहेरच्या कारागिराकडून झालं, एवढंच त्यांनी सांगितलं.

मुखरूला त्याच्या भागातल्या ठाण्यात नेलं. तीन दिवस ठेवलं. मग सोडलं, पण दर सोमवारी ठाण्यात हजेरी देण्याची अट घातली. चंद्रपूरहून एक लेथवाला येऊन भोकं पुन्हा पाडून गेला. महिन्यानं मुखरूचं पत्र आलं.

उत्तर मी लिहिलंच नाही असं नाही. लिहिलं, पुष्कळदा. पहिल्या मसुद्यात हकीकत फार लांबली. दुसऱ्यात मी स्वतःला फार दोष दिला, तो नाटकी वाटला. तिसऱ्यात दिला नाही, तो खोटा वाटला. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, पेन्शन अडकण्याची भीती होती. पण खरी भीती त्याचीही नव्हती. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला. वडिलांनी जन्मभर अंगठा दिला, आणि ज्या ज्या कागदावर दिला तो तो कागद त्यांच्यावरच उलटला. मी शाळेत जाऊ लागलो तेव्हा ते म्हणाले होते, “सही शीक बाबा. पन कुठी करशीन ते पाहून कर.” मी आयुष्यभर पाहतच राहिलो.

एक दिवस स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली माझे मसुदे अंथरलेले दिसले.

“हे काय केलंस?” मी बायकोला, सुगंधाला, विचारलं.

“पाठवाचे होते का?” ती म्हणाली. “मले वाटलं नुसते लिवाचे हायेत.”

ती सगळं वाचून होती. पुन्हा त्यावर बोलली नाही. हळदीच्या डब्याखाली ‘मुखरू यांस’ एवढी अक्षरं दिसत राहिली, पुढं तीही पिवळी झाली.

१९८५ मध्ये निवृत्त झालो. समारंभात श्रीहरी सर बोलले की निमगडेंच्या हातून छत्तीस वर्षांत एक पुस्तक हरवलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घाबरून खाली पाहत होतो, कारण आता कुणीतरी उठून रायफलींचं विचारेल असं मला वाटत होतं. कुणी विचारलं नाही.

या १९८९ च्या जानेवारीत, परेडला दोन आठवडे असताना, वारलू घरी आला. सायकल भिंतीला टेकवून दारातच बसला.

“सरांनं बोलावलं, बाबू. बंदुका काढल्या.”

मी उठून दाराशी गेलो. “काय झालं?”

“काई नाई झालं. तेल लावाचं म्हन्तेत. मागच्या वेळचं सामान कोनतं होतं ते तुमाले माहीत.”

गेलो. बारा रायफली व्हरांड्यात ओळीनं भिंतीला लावल्या होत्या. सहा वर्षं पोरांनी आपटल्या, तरी एक ठिगळ निघालं नव्हतं. साग आणि अक्रोड यांच्यामधून बोट फिरवलं तर कुठं एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते कळत नव्हतं. मी एक रायफल वळवून नळी पाहिली. लेथवाल्यानं भोक पाडलं होतं, पण मेख पूर्ण निघाली नव्हती. भोकाच्या कडेला पितळेची बारीक कडी राहिली होती, नथीच्या तारेएवढी. बाराही रायफलींना होती.

“काम पक्कं होतं बरं का,” श्रीहरी सर म्हणाले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. “त्यालेच बोलवा ना, वारलू. झालं गेलं. सहा वर्षं झाली.”

“तो नाई येत, सर.”

“काऊन? रागावला का?”

“राग नाई जी. तो लोखंडाच्या कामाले हातच नाई लावत. मागं माह्या बहिनीनं फुटकं भांडं नेलं झाळ माराले, त म्हन्ते, भोक बुजवाचं हाय असं पह्यले लिवून दे, अन् सही कर. तिले कुठी लिवता येते?”

सर हसले. वारलूही थोडा हसला. मला हसू आलं नाही.

“आणि हजेरी?” मी विचारलं.

“हजेरी तर कवाचीच बंद झाली. ते साहेब बदलले, त्याच्यावरचे बदलले. नव्या ठानेदारानं सांगतलं, बुवा, तुहं नाव नाई इथी, नको येऊ.” वारलूनं पायानं व्हरांड्यातला पाला बाजूला सारला. “तरी तो जाते. दर सोमवारी. झाडाखाली बसते, दुपार झाली का उठून येते. म्हन्ते, नाव नाई असा कागद भेटला नाई मले. उद्या कोनी म्हनलं, तू आलाच नाई, त?”

“सहा कोस?”

“सा जाचे, सा याचे. आता गुडगे दुखते त्याचे. बायको बोंबलते. तरी जाते. पोलिसच त्याले चहा पाजून राह्यले.”

श्रीहरी सर काहीतरी दुसरं बोलू लागले, काच-कागद किती लागेल वगैरे. मी हातातली रायफल भिंतीला लावली आणि घरी आलो. चालताना मी सोमवार मोजत होतो. वर्षाचे बावन्न. तीनशेच्या वर गेले तेव्हा मोजणं सोडलं.

शब्दकोश काढला. पत्र घडीवर फाटलं होतं, पण पेन्सिल पुसली गेली नव्हती. शाई उडते, कागद पिवळा पडतो. सुताराची पेन्सिल मात्र होती तशीच होती.

मी टेबलाशी बसलो आणि मसुदा न करता सरळ कोऱ्या कागदावर लिहिलं. डिसेंबर १९८२ मध्ये मुखरू यांनी कॉलेजच्या बारा कवायती रायफलींचं काम माझ्यासमोर, व्हरांड्यात केलं. नळीला भोक का असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी ते वाचलेलं होतं, तरी सांगितलं नाही. ‘बुजवता येईल?’ असं मीच विचारलं. पितळ मी दिलं. चौकशीत मी हे लपवलं. मुखरू यांचा काही दोष नाही आणि त्यांनी हजेरीला जाण्याचं कारण नाही.

याच्या दोन प्रती केल्या, एक ठाणेदारांना आणि एक मुखरूला. मुखरूच्या प्रतीखाली क्षमेची ओळ घालावी की नाही यावर बराच वेळ गेला. मी क्षमा मागावी असं त्यानं म्हटलं नव्हतं. ‘इतके लिहून सही करून पाठवा, दुसरे काही नको,’ असंच लिहिलं होतं. ओळ घातली नाही. फक्त वर ‘उत्तरास उशीर झाला’ असं लिहिलं.

सुगंधानं चष्मा लावून वाचलं.

“एवढंच?” ती म्हणाली. “सा वर्सं मले वाटलं तुमी पोथी लिवून राह्यले.”

“पेन्शनचं काही झालं तर?”

“झालं त पाहू.” तिनं कागद माझ्यासमोर परत ठेवला. “सही राह्यली.”

खरंच राहिली होती. दोन्ही कागदांवर. सही करताना ‘निमगडे’मधला ‘ग’ वेडावाकडा आला. पुन्हा लिहावं असं वाटलं. तिनं तेवढ्यात कागद ओढून घेतले आणि फुंकर मारून वाळवले.

शनिवारी सकाळी पोस्टात गेलो. रजिस्टरच्या खिडकीवर बिरजू होता, आमच्याच कॉलेजात शिकलेला, पुस्तकं वेळेवर परत करणारा. त्यानं दोन्ही पाकिटं उलटीपालटी करून पाहिली.

“बाबू, पाठवणाऱ्याचं नाव नाई टाकलं.”

“लागतं का?”

“रजिस्टर हाय ना जी. कोनी पाठवलं ते पायजेच.”

त्यानं खिडकीतून पेन दिलं. मागं रांग होती. मी पाकीट भिंतीला टेकवलं आणि लिहिलं: गुणवंत रामाजी निमगडे, निवृत्त ग्रंथपाल. वडिलांचं नाव मी एरवी गाळतो. त्या दिवशी पूर्ण लिहिलं. दुसऱ्या पाकिटावरही.

बिरजूनं दोन शिक्के मारले, पावत्या फाडून दिल्या आणि पाकिटं आलापल्लीच्या पिशवीत टाकली.

“सोमवारपर्यंत पोचेल?” मी विचारलं.

“या सोमवारी कुठी, बाबू? आज शनिवार. पुढच्या सोमवारच्या आधी पोचते.”

मी पावत्या घडी न करता खिशात ठेवल्या. म्हणजे परवा पहाटे मुखरू आणखी एकदा निघणार होता. आत कुणीतरी पिशवीचं तोंड दोरीनं आवळलं आणि तिच्यावर लाख ओतली.